पुट अपचा परवचा

बोरिवलीला बाभईच्या गावठाणालगत पोतनिसांचे बैठे घर होते आणि त्या घरात रोज दिवेलागणीला परवचा होत असे. त्या काळी परवचा कोणत्या घरात होत नव्हता, असे कोणी विचारील. होत असे, पण इतर घरांत तो मुले म्हणत. पोतनिसांच्या घरात मूल अजून नव्हते, म्हणून तो मार्तंड म्हणत असे. मार्तंडने तिशी ओलांडली होती. एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसे होती आणि ती त्याला साहेब म्हणत. परंतु साहेब घरी आले, की बूट काढून, हातपाय धुऊन, देवापुढे मांडी घालून पावकी, निमकी आणि दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत. सरकारने आणे-पै बंद करून दहा वर्षे लोटली होती. सरकारने केले, त्याच्या आईने, जानकीबाईंनी केले नव्हते.

परवच्याचे नियम दोनच होते. कोणी अडले, की घरातल्या वडीलधाऱ्याने पुढची ओळ मोठ्याने सांगायची; आणि एकदा अडले, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मधूनच धरायचे नाही. "मधून धरलेलं गाठोडं सुटतं," असे जानकीबाई म्हणत. त्या एकदा म्हणाल्या, की त्यावर चर्चा नसे. चार वर्षांपूर्वी सून होऊन आलेली कुंदा पहिल्या संध्याकाळी हसली होती. दुसऱ्या संध्याकाळी ती नवऱ्याशेजारी बसून निमकी म्हणत होती.

सदुसष्ट सालच्या मार्चमधल्या एका रविवारी जानकीबाई मागच्या पडवीत बिरडे सोलत बसल्या होत्या. मोड आलेले वाल सोलणे हे नाजूक काम. दाणा अखंड निघाला पाहिजे, दुभंगला तर बिरड्याची शोभा जाते. आतल्या खोलीत नवरा-बायको हळू आवाजात बोलत होती. आणि ज्या घरात माणसे हळू बोलतात त्या घरात कान आपोआप मोठे होतात.

"भिलाईला पाठवतायत," मार्तंड म्हणाला. "क्वार्टर मिळेल. तीन खोल्या. एप्रिलअखेर हो की नाही ते कळवायचंय."

"आणि स्वयंपाकघर?" कुंदाने विचारले.

"वेगळं. मोठी खिडकीसुद्धा आहे म्हणे."

पडवीत एक दाणा दुभंगला. मग कुंदा म्हणाली, "म्हणजे एकटीचं."

त्या दिवशी पोतनिसांकडे बिरडे झाले नाही. सगळ्या दाण्यांची डाळ झाली होती.

चोरून ऐकलेल्या गोष्टीला तोंड फोडायचे नसते, तिचे पाय मोडायचे असतात. जानकीबाईंनी मुलाला एका शब्दाने विचारले नाही. 'जाऊ नका' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. आयुष्यात त्यांनी कोणाला काही मागितलेले नव्हते, सांगितलेले होते. पण घर रिकामे झाले तर सांगायचे कोणाला, हा प्रश्न त्यांना बिरड्यासमोरच पडला होता. त्या उठल्या, पदर खोचला आणि कुंपणातल्या फटीतून मार्सेलिनाकडे गेल्या.

मार्सेलिना ही त्यांची शेजारीण. गावठाणातली जुनी ख्रिस्ती बाई. अंगणात विहीर, विहिरीजवळ क्रूस, आणि क्रूसापासून कडुलिंबापर्यंत बांधलेल्या दोरीवर गोराईहून आलेले बोंबील. दोघींची मैत्री वीस वर्षांची होती आणि त्यातली निम्मी वर्षे त्या अबोल्यात होत्या. मार्सेलिना कॉन्व्हेंटात शिकलेली होती आणि तिची लेक बर्था आता त्याच शाळेत शिकवीत होती.

"मार्सेलिना, तुझ्या बर्थाच्या शाळेत जागा आहे म्हणत होतीस."

"हाय ना. तिसरीला टीचर पाहिजे. कोणासाठी गो?"

"कुंदासाठी. तिला नोकरी लागली, की दोन पगार टाकून मार्तंड कुठे जाणार आहे?"

मार्सेलिनाने बोंबील उलटवता उलटवता जानकीबाईंकडे पाहिले. "कुठे चाललाय तुझा मार्तंड?"

"कुठेही नाही. म्हणून तर."

मार्सेलिना समजली. पण मान हलवून म्हणाली, "बाय, जागा हाय, पण दारात हेडमिस्ट्रेस सिस्टर पेट्रिशिया हाय. तिची एकच परीक्षा. एक क्रियापद विचारते. कुठलं विचारते ते साऱ्या बोरिवलीला ठाऊक, तरी साऱ्या पडतात. ती जयंती सामंत, बी. ए. झालेली, रडत बाहेर आली. बर्थानं पाणी दिलं तिला."

"कुठलं क्रियापद?"

"पुट अप."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय नाय, ते विचार!" मार्सेलिनाने ओले हात झटकले आणि बोटे मोजू लागली. "मांडव घालतात ना लग्नात? पुट अप. भिंतीवर तसबीर लावली, पुट अप. पोरांनी वर्गात हात वर केला, पुट अप. छत्री उघडली, ते पण. केस वर बांधले, ते पण. पाव्हणा आला, त्याला घरात उतरवून घेतला, पुट अप. घरमालकानं भाडं चढवलं..."

"ते पण?"

"ते पण. आता इलेक्शनला माणूस उभा केला ना पार्टीनं? पुट अप. घर विकायला काढलं, पुट अप. झुंज दिली, पुट अप. माझी आजी गोऱ्या मॅडमच्या घरी लोणचं घालायची, तर मॅडम काय म्हणायच्या ठाऊक? पुट अप."

"लोणचंसुद्धा!" जानकीबाईंना इंग्रजांची पहिल्यांदाच दया आली. "अगं, ही काय भाषा आहे? एवढं राज्य केलं आणि घरात पातेलं एकच! त्यातच भात, त्यातच वरण, त्यातच खीर."

"आणि मागे 'विथ' लावला तर सोसणं. 'टू' लावला तर फूस लावणं."

"संपलं?"

"माझं तर संपलं. इंग्रजांचं संपलं का ते ठाऊक नाय."

जानकीबाईंनी डोळे मिटून सगळे एकदा मनात फिरवले. त्या इंग्रजी शिकलेल्या नव्हत्या. परंतु औटकी शिकलेल्या होत्या. साडेतिनांचा पाढा ज्याने पाठ केला त्याला जगात अवघड असे काही उरत नाही. "यात न येण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या. "पाढा आहे हा. एकाच आकड्याचा."

"बाय, इंग्रजी गाऊन येत नाय."

"सगळं गाऊनच येतं," जानकीबाई म्हणाल्या आणि फटीतून परत आल्या.

त्या संध्याकाळी दिडकी संपल्यावर घरातली माणसे उठू लागली, तेव्हा जानकीबाईंनी हाताने बसा म्हटले आणि निमकीच्या चालीवर नवा परवचा सुरू केला.

"पुट अप, मांडव उभारणे. पुट अप, तसबीर टांगणे. पुट अप, हात वर करणे..."

मार्तंडचे तोंड उघडे राहिले. "आई, हे काय?"

"मधे बोलायचं नाही. पुट अप, छत्री उघडणे."

सगळा परवचा ऐकवून झाल्यावर त्यांनी निर्णय सांगितला. कुंदाने कॉन्व्हेंटात अर्ज करायचा होता. कुंदा ठाण्याच्या मराठी शाळेत शिकलेली, बी. ए. झालेली, इंग्रजी तिने वाचले पुष्कळ होते, पण बोलायचा प्रसंग आला नव्हता. ती आता वाद घालील, अशी जानकीबाईंची अपेक्षा होती आणि वादाची तयारीही होती. कुंदा म्हणाली, "बरं."

एवढेच. बरं. जानकीबाईंना रात्री झोप लागली नाही. जी सून वादाशिवाय ऐकते तिच्या मनात दुसरेच काही शिजत असते. नापास होऊन येईल, 'मी तर गेले होते, त्यांनीच घेतले नाही' म्हणेल आणि मोठ्या खिडकीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहील. त्यात कोणाला दोषही देता येणार नाही. जानकीबाईंना तो डाव मनापासून आवडला. सून त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती.

संशयाला खाद्य रोज मिळत गेले. कुंदा मांडवापासून झुंजीपर्यंत घडाघडा म्हणत जाई आणि 'पुट अप विथ' आले, की थांबे. नेमकी तिथेच. "सोसणे!" जानकीबाई गरजत. "पहिल्यापासून!" मग पुन्हा मांडव. मार्तंड मात्र अजिबात अडत नसे. एकदा ऑफिसात वरच्या साहेबांनी त्याला भिंतीवर नकाशा 'पुट अप' करायला सांगितले, तेव्हा तो नकाशा हातात धरून सुरात 'तसबीर टांगणे' म्हणाला आणि सगळे ड्रॉइंग ऑफिस माना वळवून पाहू लागले.

"आई, हिला वाक्यं करू देत," तो घरी येऊन म्हणाला. "इंग्रजीत बोलायला लागणार आहे. पाढे कोण विचारणार?"

"सातआठे छप्पन्न तुला कसे येतात?"

"पाठ आहेत म्हणून."

"मग?"

मार्तंडने सातआठे छप्पन्न आपल्याला कसे येतात ते मनात पडताळून पाहिले. सात एके सातपासून निघाल्यावर येत होते. 

मुलाखतीच्या दिवशी जानकीबाई स्वतः निघाल्या. सुनेला एकटीने पाठवणे त्यांना शोभले नसते, आणि संशयित माणसाला नजरेआड होऊ देणे शहाणपणाचेही नव्हते. कुंदाच्या हातावर दही घातले. काशीरामचा टांगा दारात बोलावला होता. काशीरामने "आज काय लग्नाला?" म्हणून विचारले आणि उत्तर न मिळाल्यामुळे घोड्याशी बोलत राहिला.

शाळेचा व्हरांडा लांब आणि गार होता. मुलांना सुटी असल्यामुळे पावलांचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. कुंदा आत गेली. दार पूर्ण लागले नाही. जानकीबाई दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसल्या. दुसरी एक खुर्ची सावलीत होती, परंतु तिथून आतले ऐकू आले नसते.

आत दोन माणसे होती. एक सिस्टर पेट्रिशिया; आवाज काटकसरी, जणू एकेक शब्द वजन करून देत होती. दुसरे फादर रोझारिओ. हे शाळेचे मॅनेजर. वय झालेले, जन्म गोराईतला. बर्था सांगत असे, की मुलाखतीला ते असावे लागतात म्हणून असतात आणि जेवणानंतर असल्यामुळे डोळे मिटून असतात.

सिस्टरने इंग्रजीत काहीतरी विचारले. कुंदाने उत्तर दिले. पुन्हा विचारले, पुन्हा उत्तर. जानकीबाईंना त्यातले एक अक्षर कळले नाही, पण सून अडत नव्हती, एवढे कळत होते. त्यांनी श्वास सोडला. मग सिस्टरच्या तोंडून ते दोन शब्द आले, "पुट अप."

 मग कुंदाचा बारीक आवाज आला, आणि तो आवाज बोलत नव्हता.

"पुट अप, मांडव उभारणे. पुट अप, तसबीर टांगणे. पुट अप, हात वर करणे. पुट अप, छत्री उघडणे..."

चालीवर! जानकीबाईंची मान अभिमानाने वर झाली. केस बांधले गेले, पाहुणा उतरला, भाडे चढले, उमेदवार उभा राहिला, घर विक्रीला निघाले, लोणचे बरणीत पडले, झुंज झाली.

"पुट अप विथ..."

आणि काही नाही.

जानकीबाई वाट पाहत राहिल्या. 'मुद्दाम,' त्यांच्या मनात आले, 'मुद्दामच. भिलाई!' आणि त्याच क्षणी, मनाला विचारायच्या आत, आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून गर्जना बाहेर पडली.

"सोसणे! पहिल्यापासून!"

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पारवे उडाले.  परंतु सवय एकट्या सासूलाच होती असे नाही. "पहिल्यापासून" हा शब्द कानावर पडताच कुंदाने, सिस्टर समोर बसल्या आहेत हे विसरून, मांडवापासून पुन्हा सुरुवात केली. ती पुन्हा अडू नये म्हणून जानकीबाईही बाहेरून सूर धरून म्हणू लागल्या. दाराच्या आत एक आणि बाहेर एक, असे ते चालू झाले.

"पुट अप, मांडव उभारणे."

"आमच्यासाठी विनंती कर," आतून एक तिसरा, जाड आवाज आला.

हे फादर रोझारिओ होते. डोळे मिटलेलेच होते. गावाकडच्या घरात लहानपणापासून संध्याकाळी क्रूसासमोर संतांची नावे एका सुरात घेतली जातात आणि प्रत्येक नावामागे बाकीच्यांनी विनंती करायची असते. कानावर तसा सूर पडला, आणि सत्तर वर्षांची जीभ आपली पाळी ओळखून आपोआप कामाला लागली.

"पुट अप, छत्री उघडणे."

"आमच्यासाठी विनंती कर."

"पुट अप, भाडे चढवणे."

"आमच्यासाठी विनंती कर."

सिस्टर पेट्रिशियाने एकदा हात वर केला होता. तो तिने खाली घेतला. तीही तशाच गावातली होती. सुरू झालेली विनवणी मधे तोडायची नसते, हे तिला कोणी शिकवायला नको होते. झुंज आली. 'पुट अप विथ' आले. कुंदाने ठासून सांगितले, "सोसणे!" फादर म्हणाले, "आमच्यासाठी विनंती कर." फूस लावून झाली, तिच्यासाठीही विनंती झाली आणि सर्वत्र शांत झाले. फादर रोझारिओंनी डोळे उघडले, क्रूसाची खूण केली आणि कोण बसले आहे ते पाहू लागले.

"बाहेर कोण आहे?" सिस्टरने मराठीत विचारले. "आत या."

जानकीबाई आत गेल्या. अपराधी माणसासारखे जाणे त्यांना येत नव्हते, म्हणून तपासणीला आल्यासारख्या गेल्या. कुंदाचे कान लाल झाले होते.

"ह्या माझ्या सासूबाई," ती पुटपुटली.

"ते कळलं," सिस्टर म्हणाली. "बाई, मी हिच्याकडे एकच अर्थ मागितला होता. एक."

"एकच कसा येईल?" जानकीबाई म्हणाल्या. "मधूनच धरलेलं गाठोडं सुटतं."

सिस्टरने ओठ घट्ट मिटून घेतले. ती रागावली होती की काय, ते कळले नाही. फादरनी मात्र मान डोलावली. "खरं आहे," ते म्हणाले. "आम्हाला पण असंच शिकवलं."

"पाठांतर हिचं पक्कं आहे," सिस्टर म्हणाली. "बोलण्याचं बघू. आणि मला आणखी एक बघायचं आहे. मागच्या वर्षी बाई घेतली, तर ऑगस्टात नवऱ्याची बदली झाली आणि ती बडोद्याला निघून गेली. मुलं वाऱ्यावर." ती कुंदाकडे वळली आणि इंग्रजीत काही विचारले. त्यात 'हजबंड' होते, 'ट्रान्सफर' होते. तेवढे जानकीबाईंनाही कळले. आणि तेवढे पुरे होते.

आता इथे सुटका करून घ्यायला कुंदाला एक मान हलवणे पुरे होते. खरे सांगितले तरी चालणार होते. जानकीबाईंनी देवाचे नाव घेतले नाही. त्यांनी पदराचे टोक मुठीत धरले.

कुंदा उठून उभी राहिली. आणि पहिल्यांदाच चाल सोडून, अडखळत, आपल्या मनाने इंग्रजी बोलू लागली.

"सिस्टर, आय ॲम नॉट गोइंग. माय मदर-इन-लॉ कॅन नॉट पुट अप विथ पीपल. फोर इयर्स आय पुट अप विथ हर. नाउ शी पुट्स अप विथ मी. ऑल धिस अगेन, हू विल डू?"

फादर रोझारिओ मोठ्याने हसले. सिस्टर पेट्रिशियानेही हाताने तोंड झाकले, आणि बर्थाने नंतर शपथेवर सांगितले, की सिस्टर हसल्याचे शाळेत त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. हसल्या नाहीत त्या जानकीबाई. आपल्याविषयी काही बोलले गेले, एवढे त्यांना समजले होते. 'पुट अप' त्यांनी अचूक पकडले होते. फक्त अर्थ शोधायला त्या मांडवापासून निघाल्या होत्या.

टांगा परत निघाला. जानकीबाई समोर बघत बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. सुनेने भाडे चढवले? नाही. उमेदवार उभा केला? नाही. घर विकायला... नाही. लोणचे घातले? तशी शक्यता होती, पण वाक्य जुळेना. वझिऱ्याच्या नाक्यापाशी काशीरामने घोडा आवरला, आणि तिथे त्या पोहोचल्या.

"म्हणजे तू मला सोसतेस होय गं?"

कुंदा दचकली. मग तिने सरळ त्यांच्याकडे पाहिले. "हो."

"चार वर्षं?"

"हो."

"आणि मी तुला?"

"तुम्ही अलीकडेच लागलात."

काशीरामने कान टवकारले, घोड्यानेही. जानकीबाईंनी पदर सारखा केला. इंग्रजी भाषेतले आयुष्यात समजलेले पहिले वाक्य, आणि ते असे निघावे! पण वाक्य खोटे नव्हते. खोट्याला उत्तर देता येते.

"मग रोज तिथेच का अडायचीस?" अखेर त्यांनी विचारले. "मला वाटलं, मुद्दाम करतेस."

"त्या ओळीला तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचात, आई. मग काय सुचणार?"

"आणि ते एकटीचं स्वयंपाकघर? खिडकीचं?"

कुंदाला आश्चर्य वाटले असावे, पण या घरात भिंतींना कान कोणाचे असतात हे तिला ठाऊक होते. "हवं होतं," ती म्हणाली. "दोन दिवस फार हवं होतं. मग डोळ्यांसमोर आणून बघितलं. तुमचा मुलगा काय वाढाल ते खातो. मीठ नसलं तरी खातो. त्याच्याशी भांडायचं कशावरून? सगळा दिवस मी त्या खिडकीतून बघणार काय?"

"भिलाईला असतं काय बघायला?"

"लोखंड."

जानकीबाई हसल्या नाहीत. परंतु टांग्यातून उतरताना त्यांनी सुनेच्या खांद्याचा आधार घेतला. त्यांना आधाराची गरज नसते, हे काशीरामलासुद्धा माहीत होते.

पत्र एप्रिलअखेरच्या आत आले. मार्तंडने ते उभ्यानेच वाचले आणि हसू आवरत खुर्चीत बसला. कुंदाला तिसरीच्या वर्गावर घेतले होते. खाली सिस्टर पेट्रिशियाने आपल्या हाताने एक ओळ जोडली होती.

"आई, एक अट आहे. शाळा चालू असताना मिसेस पोतनीस सीनिअर यांनी शाळेच्या आवारात येऊ नये."

मार्तंडला वाटले, आता वीज पडणार. कुंपणापलीकडून मार्सेलिनाही येऊन पडवीत उभी होती, आणि तिलाही तसेच वाटत होते. ती तर त्यासाठीच आली होती.

जानकीबाईंनी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग गंभीरपणे मान हलवली. "शहाणी बाई आहे," त्या म्हणाल्या. "एका शाळेत दोन हेडमिस्ट्रेस नांदत नाहीत. मार्तंड, भिलाईला नाही म्हणून कळव. आजच."

"अगं, पण तुला कसं कळलं भिलाईचं?"

"आजच, म्हटलं ना?"

मार्सेलिना निराश झाली. "आणि एका स्वयंपाकघरात, बाय?" तिने जाता जाता काडी टाकलीच. "तिथे दोन नांदतात?"

कुंदा दारात उभी होती. हा प्रश्न तिलाही विचारायचाच होता, आणि आता तो विचारला गेला होता. जानकीबाई उठल्या. कोनाड्यातली मिसळणाची, मसाल्यांची गोल डबी त्यांनी काढली, जिला चार वर्षांत सुनेने हात लावलेला नव्हता, आणि ती तिच्या हातात दिली.

"शाळा सकाळची. म्हणजे सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळचा तुझा. माझ्या वेळी तू आत पाय ठेवायचा नाही."

"आणि माझ्या वेळी तुम्ही?"

जानकीबाईंनी विचार केला. पाळता येणार नाही असे वचन त्यांनी कधी कोणाला दिले नव्हते, आणि या वयात ती सवय लावून घेण्याचे त्यांना काही कारण दिसेना.

"मी येऊन मीठ बघेन," त्या म्हणाल्या.